उलटं लावलेलं रेडियम

मला अप्लास्टिक ॲनिमिया झाला होता. ज्याला होतो त्याला हे नाव दोन दिवसांत पाठ होतं, बाकीच्यांना ते शेवटपर्यंत म्हणता येत नाही. माझे शेजारी अजूनही "रक्ताचं काहीतरी" म्हणतात. त्यात हाडांमधला रक्त तयार करणारा कारखाना बंद पडतो, एवढं समजलं तरी पुरे.

औषधांचं तुम्हाला डॉक्टर सांगतील. मी माझ्या हातांचं सांगणार आहे. तुम्ही सध्या अशाच एखाद्या काचेच्या खोलीत पडला असाल किंवा तुमचं माणूस आत असेल आणि तुम्ही बाहेर उभे असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

हाये का?

माझं नाव प्रदीप. नागपुरात महालातल्या एका बोळात माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांवर चिकटवतात त्या चमकत्या चिकट कागदाला आम्ही रेडियम म्हणतो. त्यातून नावं, गरुड, वाघ, "जय भीम", पोरांची लाडाची नावं ब्लेडने कापायची, नको असलेला भाग सोलून काढायचा आणि उरलेलं गाडीवर बसवायचं. सरकारी नंबर प्लेटी आल्यापासून नंबरांचं काम गेलं. मशीनवर कापून देणारेही आले. तरी "आमाले हातचंच पाह्यजे" म्हणणारे अजून आहेत, आणि त्यांच्या जोरावर मी बावीस वर्षं बसलो आहे. स्वतःला कलाकार मी कधी म्हणवून घेतलं नाही. दुसऱ्या कोणी म्हटलं तर मला वाटायचं, हा आता काम आजच्या आजच मागणार.

मी जमिनीवर बसून काम करतो, गाडीच्या मडगार्डच्या उंचीला. रस्त्यावरून मी दिसत नाही. म्हणून येणारा प्रत्येक जण ओरडतो, "हाये का गा, रेडियमवाले?" मी न उठता गाडीमागून हात वर करतो आणि म्हणतो, "हाये." करुणाने, म्हणजे माझ्या बायकोने, लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात मला पाहिलं तेव्हा तिलाही फक्त हातच दिसला होता. ते ती अजून चिडवते.

धंद्यातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कारच्या काचेला आतून रेडियम लावायचं असेल तर अक्षरं उलटी कापावी लागतात. कापणाऱ्याला ती वेडीवाकडी दिसतात, पण काचेच्या पलीकडच्याला सरळ वाचता येतात. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो. कापायच्या आधी वाचणारा कुठे उभा आहे ते विचारायचं, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं होतं.

बोट

आमच्या धंद्यात बोट कापणं रोजचंच. चिंधी गुंडाळली की काम सुरू. मागच्या वर्षी होळीनंतर एका बुलेटचं नाव कापताना ब्लेड निसटलं. साधी जखम, तांदळाएवढी. सकाळी अकराला लागली आणि संध्याकाळी पाचला चिंधीतून रक्त टपकतच होतं. तोवर मांडीवर काळेनिळे डाग होतेच, पण ते मी गाड्या रेटण्याच्या खात्यावर टाकले होते. दात घासताना गुळणी लाल यायची, ती उन्हाच्या. थकवा तर नागपुरात मार्चपासून सगळ्यांनाच असतो.

करुणाने चिंधी सोडली, बोट पाहिलं, मग माझी पँट वर करून पाय पाहिले.

"हे कवापासून हाये?"

"पंधरा दिवस असतीन."

"आणि मले आता सांगून राहिले?"

मी सांगत नव्हतोच, तिने पाहिलं होतं. पण ते बोलण्याची ती वेळ नव्हती.

ज्या दिवशी कळलं

कमरेच्या हाडात सुई घालून आतलं मज्जेचं पाणी काढतात. त्याचं मी काही सांगत नाही, तुमचं झालं असेल तर तुम्हाला माहीत आहे. चार दिवसांनी रिपोर्ट आला. आधी एका तरुण डॉक्टरने माहिती लिहून घेतली. धंदा काय विचारलं. मी म्हणालो, रेडियमचं काम. त्याचं पेन थांबलं.

"रेडियम? किती वर्षं?"

"बावीस."

तो उठून बाहेर गेला आणि दोन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. तिघेही माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी खिशात बॉम्ब घेऊन बसलोय. करुणाला उलगडा आधी झाला. तिने पिशवीतून तिचा मोबाईल काढला आणि कव्हरवर मी लावून दिलेलं फुलपाखरू दाखवलं. "हे रेडियम, साहेब. गाडीवर लावतेत ते." त्या खोलीत त्या दिवशी हसू आलं ते तेवढंच.

मग डॉक्टर मॅडम आल्या. शांत बाई, आवाज कधी चढला नाही. त्यांनी सांगितलं की रक्ताच्या तिन्ही प्रकारच्या पेशी जवळपास संपल्या आहेत. भावंडाची मज्जा जुळली तर बदलू, नाहीतर घोड्याच्या रक्तापासून केलेलं एक औषध देऊ आणि कारखाना सुरू व्हायची वाट पाहू. वाट किती, तर तीन ते सहा महिने. तोपर्यंत जखम नको आणि ताप नको, कारण दोन्हींपैकी काहीही जिवावर बेतू शकतं.

"पण हे झालं काहून?" करुणाने विचारलं.

"बहुतेक वेळा कारण सापडत नाही. तुम्ही थिनर वापरता का?"

गाडीवरचा जुना डिंक काढायला मी बावीस वर्षं थिनरच वापरत होतो.

"त्यामुळे असेल, नसेलही. आता ते शोधून उपयोग नाही," मॅडम म्हणाल्या.

मी "नसेलही" ऐकलं आणि करुणाने "असेल" ऐकलं. मला तिथेच भरती केलं. तिने घरी परतताना दुकानाला कुलूप घातलं, आणि फोनवर मला सांगितलं की कटर, ब्लेडं, सगळं फेकून दिलं. मला त्या दिवशी मरणाची भीती वाटली होतीच. पण माझे कटर गेले हे ऐकून मी रडलो. लाज वाटते सांगायला, पण असंच झालं.

माझी एकच बहीण आहे, मौद्याची ताई. ती धावत आली, रक्त दिलं, आणि तिची मज्जा माझ्याशी जुळली नाही. "मी म्हणत होती ना तुले, ते रेडियम सोड म्हून," असं ती रडता रडता म्हणाली. तिला ते फुलपाखरू दाखवूनही पटलं नाही. माझ्या मुलीला, प्रज्ञाला, ती आपल्याबरोबर मौद्याला घेऊन गेली. घरात जितकी माणसं कमी तितका संसर्ग कमी.

काचेची खोली

खोली दहा बाय दहाची. एका बाजूची भिंत म्हणजे काच, पलीकडे दवाखान्याचा लांब व्हरांडा. आत येणारा प्रत्येक जण हात धुऊन, टोपी, मास्क, हातमोजे घालून येणार. दाढी बंद. ब्रश बंद, कापसाच्या बोळ्याने दात पुसायचे. कच्चं काही खायचं नाही. नखं अगदी बारीक, तीही सिस्टर कानसेने घासून देणार. वर्तमानपत्र नाही, फूल नाही, धारेचं काहीही नाही. करुणा रोज दुपारी चार वाजता यायची आणि काचेबाहेर उभी राहून फोनवर बोलायची. पहिला प्रश्न ठरलेला.

"हाये ना?"

"हाये."

घोड्याच्या औषधाने अंग असं थरथरलं की पलंग वाजायचा. ते पाच दिवस मी विसरलोय, करुणा विसरलेली नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं. औषध संपलं आणि काही करायला उरलं नाही. कारखाना चालू होतोय की नाही हे कळायला महिने लागणार होते. रोज सकाळी रक्त काढायचे, दुपारी आकडे यायचे, आकडे तिथेच असायचे. बाहेर लोक व्हरांड्यातून डबे घेऊन जाताना दिसत. मी त्यांना पाहायचो, ते मला पाहून नजर वळवायचे. मला वाटायचं, आपण कोंडले गेलो आहोत आणि आतून कडी आपल्याच हाताने लावून ठेवायची आहे. कारण दाराला कुलूप नव्हतं. त्याचाच त्रास जास्त होता.

अकराव्या दिवशी दुपारी मी उठलो, सलाईनचा स्टँड ओढत दारापाशी गेलो आणि कडीवर हात ठेवला. कुठे जायचं होतं? महालात. बोळात. ऊन असेल तर असू दे.

विद्या सिस्टर आत होत्या. पारशिवनीच्या, वयाने माझ्याहून लहान, पण सगळ्या वॉर्डला दम देणाऱ्या. त्यांनी मला अडवलं नाही. सलाईनची नळी ताणली जाऊ नये म्हणून फक्त हातात धरली.

"जा दादा. दार उघडंच हाये. फक्त एवढं सांगून जा, चार वाजता वहिनी येतीन तं मी त्याइले काय सांगू?"

मी कडीवरचा हात काढला. मग परत येऊन पलंगावर बसलो आणि सिस्टरशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही.

चमचा

माझे हात स्वस्थ राहत नव्हते. उजव्या हाताची बोटं आपोआप कटर धरल्यासारखी जुळायची आणि चादरीवर अक्षरं कापत राहायची. प्र, ज्ञा, मग पहिल्यापासून. बावीस वर्षांची सवय हो. सिगारेट सुटते म्हणतात, मला माहीत नाही, मी कधी ओढली नाही.

एके दिवशी खिचडीबरोबर आलेला प्लास्टिकचा चमचा मी लपवला. त्याचा दांडा मोडला आणि पलंगाच्या लोखंडी पट्टीवर घासून घासून त्याला धार काढली. दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी इतका खुशीत होतो की मॅडमनी विचारलंसुद्धा, आज चेहरा बरा दिसतोय. तिसऱ्या दिवशी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर "प्र" कापायला घेतला. पुठ्ठा जाड होता. चमचा निसटला आणि डाव्या अंगठ्यात गेला.

रक्त थांबायला पावणेदोन तास लागले. प्लेटलेटच्या पिशव्या मागवाव्या लागल्या, आणि त्यासाठी करुणा तिच्या भावाला घेऊन रक्तपेढीत पळाली. कोणी मला रागावलं नाही. सगळे घाबरून धावत होते आणि मी हात वर धरून आडवा पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता करुणा आली. फोन लावला. "हाये ना" म्हणाली नाही.

"तुमाले जगायचं नाही का? नसन तं तसं सांगा. मी उद्यापासून येत नाही."

मी काहीतरी म्हणायला लागलो. तिने फोन बंद केला. आणि गेली नाही. भेटीचा अर्धा तास संपेपर्यंत काचेला पाठ लावून उभी राहिली. तिची वेणी आणि निळ्या साडीची पाठ, एवढंच मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, ती माझ्यावर खूपदा रागावली होती, पण पाठ करून उभी कधी राहिली नव्हती. मी काचेवर टकटक केली. ती हलली नाही.

फाडा

विद्या सिस्टर संध्याकाळी अंगठ्याची पट्टी बदलायला आल्या. निर्जंतुक हातमोजे येतात ना, ते आत एका पांढऱ्या कागदाच्या घडीत असतात. मोजे काढून तो कागद त्या नेहमी कचऱ्यात टाकायच्या. त्या दिवशी माझ्या पुढ्यात टाकला.

"कापाले भेटणार नाही. पण फाडाले कोण नाही म्हणते? फाडा."

पाठोपाठ पट्ट्या चिकटवायच्या कागदी टेपचं एक रीळही ठेवलं. तो टेपही हातानेच फाटतो.

मला पहिल्यांदा अपमान वाटला. फाडणं हे काय काम आहे? लहान पोरं फाडतात. पण सिस्टर गेल्यावर हात कागदाकडे गेलेच. आणि मी हरलो. ब्लेड जिथे सांगाल तिथे जातं. फाडलेला कागद आपल्या मनाने जातो. उभा फाडला तर सरळ येतो, आडवा फाडला तर भलतीकडे पळतो. बारीक वळण घ्यायला गेलो की तुटून हातात येतो. बावीस वर्षांत जे शिकलो त्यातलं काही कामाला येईना. तीन घड्या वाया घालवल्यावर लक्षात आलं की उकळलेल्या पाण्यात कापसाची काडी बुडवून रेघ ओढली आणि कागद ओला झाल्यावर हळूच दोन्हीकडे ओढला, तर तो रेघेवरूनच सुटतो. कड मात्र गुळगुळीत राहत नाही, केसाळ होते.

केसाळ कड पाहून मला घोडा सुचला. माझ्या अंगात त्याचंच औषध होतं. कुठल्या तरी घोड्याचं रक्त काढलं असेल, त्याला कोणी विचारलंही नसेल. तोच घोडा करू म्हटलं. अख्खी सकाळ गेली. जेवणाचं ताट आलं ते कळलं नाही. रक्ताचे आकडे आले, तेही विचारायचे राहून गेले. तेव्हा जाणवलं की सकाळपासून चार तास मी कशाचीच वाट पाहिली नव्हती.

चार वाजायच्या आत तो घोडा मी टेपने काचेला आतून चिकटवला, तोंड बाहेर. करुणा आली आणि पाठ करून उभी राहिली. येणारेजाणारे काचेकडे बघायला लागले. एका बाईने तिला थांबवून काहीतरी म्हटलं. तेव्हा ती वळली. तिने काचेजवळ येऊन पाहिलं. मग फोन लावला.

"हे काय हाये? बकरी?"

"घोडा."

"घोड्याची शेपटी अशी रायते?"

"फाडून केला आहे. धार नाही लावली कुठं."

मी अंगठा दाखवला, नवीन जखम नाही असा. मग ती म्हणाली, "शेपटी नीट करा उद्या," आणि मला कळलं की ती उद्या येणार आहे.

आकडे

त्यानंतर मी रोज एक काहीतरी फाडलं. बुलेट, कुलर, पिशवी घेऊन जाणारी मौद्याची ताई, विद्या सिस्टरची टोपी. जखमेवर लावतात त्या बीटाडीनचा रंग कागदावर आधी पिवळा येतो, मग तपकिरी, आणि एका जातीच्या कागदावर चक्क जांभळट काळा होतो. त्याचं मला पोरासारखं अप्रूप वाटलं. व्हरांड्यातले लोक आता नजर वळवत नव्हते. आज काय, असं बोटांनी विचारायचे.

मी मॅडमना विचारलं, याने पेशी वाढतील का. मला वाटलं, मन राखायला हो म्हणतील.

"नाही. याने पेशी वाढत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही दारापाशी जाणं बंद केलंय, चमचे मोडणं बंद केलंय, आणि जेवता. औषधाला काम करायला वेळ लागतो. तो वेळ तुम्ही आत काढलात तर बाकीचं मी बघते."

हेच खरं आहे, म्हणून तसंच लिहितोय. कागद फाडून मी बरा झालो नाही. आकडे तिथेच होते. खोलीही तेवढीच होती, कितीतरी दिवस उठल्या उठल्या पहिला विचार दाराचाच यायचा. फक्त हातात अर्धवट काम असलं की तो विचार थोडा बाजूला सरकून बसायचा.

एका आठवड्यात तेही गेलं. ताप आला. तोंड आणि घसा आतून सोलून निघाला. बोलता येईना, गिळता येईना. मॅडम दिवसातून तीनदा यायला लागल्या, त्यावरून मी काय ते समजलो. करुणाने चारला फोन लावला. सिस्टरनी तो माझ्या कानाशी धरला.

"हाये ना?"

मला उत्तर देता आलं नाही. हात वर करायला गेलो तर तो पलंगावरून उचललाच गेला नाही. ती पुन्हा म्हणाली, "हाये ना?" आणि मी काचेतून तिचा चेहरा पाहिला. तसा चेहरा पुन्हा पाहायची माझी तयारी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ती दोन अक्षरं फाडली. हा. ये. बोटांत जोर नव्हता, कागद छातीवर ठेवून इंच इंच ओढायचा, मग डोळे मिटून पडायचं. सिस्टरना खुणेने सांगितलं, अशीच काचेला लावा. त्यांनी लावली आणि मागे सरून पाहिलं.

"दादा, तापात अक्षरं उलटी केली तुमी. काही समजून नाही राहिलं."

मी काचेच्या पलीकडे बोट दाखवलं.

चार वाजता करुणा आली. तिने वाचलं. फोन काढलाच नाही. काचेवर त्या अक्षरांच्या बाजूला तळहात टेकवून अर्धा तास उभी राहिली. सिस्टर आतून तिच्याकडे, मग अक्षरांकडे, मग माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांनी मास्कच्या वरून डोळे पुसले.

कुलर

ताप उतरला. आणखी दोन आठवड्यांनी मला घरी सोडलं, आकडे अजून कमीच होते. निघताना सिस्टर घोडा, बुलेट, अक्षरं सगळं काढून पिवळ्या पिशवीत टाकत होत्या. नवीन पेशंटसाठी खोली पूर्ण धुवावी लागते, आतलं काहीच ठेवत नाहीत. मला माहीत होतं, तरी वाईट वाटलं.

आणि घरी काय, तर दुसरी खोली. मे महिना, नागपूर, आणि मॅडमचा हुकूम: कुलर लावायचा नाही. त्याच्या ओल्या गवताच्या ताट्यांमध्ये बुरशी असते, ती मला चालणार नव्हती. नागपूरच्या माणसाला मे महिन्यात कुलर बंद म्हणणं म्हणजे काय ते इथल्याच माणसाला कळेल. करुणाने शेजाऱ्यांच्या कुलरचं तोंडही आमच्या खिडकीपासून फिरवायला लावलं. त्यावरून भांडण झालं, आणि ती एकटी सगळ्या चाळीशी भांडली. मग मी पंख्याखाली आणि ती दाराजवळ मास्क लावून, अशी आम्ही दोघं दुपारी घामाघूम बसून कागद फाडायचो. तिने एकदा पोळीएवढा गोल फाडला, पाण्याची रेघ न ओढता. इतका गोल मला आजही जमत नाही. "रोज लाटते, तुमी कवा पाह्यलं का?" म्हणाली.

चिडचिड होतीच. घोड्याच्या औषधानंतर सुरू केलेल्या गोळ्यांनी माझ्या कानांवर केस आले आणि हिरड्या सुजल्या. मी दोनदा ताट ढकललं. ती एकदा न सांगता बाहेर गेली आणि तासाभराने आली. कुठे गेली होती हे मी विचारलं नाही. कोंडलेली तीही होतीच, फक्त तिला कोणी पेशंट म्हणत नव्हतं.

पाऊस संपत आला तेव्हा आकडे हलले. आधी थोडे, मग नीट. दिवाळीच्या सुमाराला मॅडमनी रिपोर्टवरून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "कारखाना चालू झालाय. दाढी करा आता."

"आणि ब्लेड?"

त्यांनी करुणाकडे पाहिलं. "जपून. आणि थिनर नाही, कधीच नाही."

घरी आल्यावर करुणा स्वयंपाकघरात गेली. तुरीच्या डाळीच्या डब्यात हात घालून तिने एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि डाळ झटकून माझ्यापुढे ठेवली. आत माझे तिन्ही कटर होते.

"फेकले म्हणाली होतीस ना?"

"म्हणाली होती," ती म्हणाली आणि पिठाकडे वळली.

पुढचा

त्या कटरने मी पहिलं काय कापलं, ते सांगून थांबतो.

पुढच्या तपासणीला आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा विद्या सिस्टरना भेटलो. मी मॅडमची परवानगी आधीच घेतली होती. आतलं काही टिकत नाही हे मला माहीत होतं, पण काचेची बाहेरची बाजू व्हरांड्यात येते. तिथे कोणी हरकत घेत नाही.

खोलीत एक मुलगी होती. वीस-बावीसची, डोक्याला रुमाल, तोंड भिंतीकडे. सिस्टर म्हणाल्या, नववा दिवस आहे, जेवत नाही, आईशीही बोलत नाही. तिची आई व्हरांड्यातल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती.

मी काच पुसली आणि लाल रेडियमची, घरून कापून आणलेली तीच दोन अक्षरं बाहेरून लावली. तळहाताने दाबून हवेचे फुगे काढले. माझ्या मागे डबा घेऊन चाललेला एक माणूस थांबला.

"भाऊ, उलटं लागलं तुमचं. आताच काढून घ्या, नवीन हाये तवरच निघते."

"असू द्या," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग करुणाकडे पाहिलं, बिचारी, अशा नजरेने. बाकावरची आईसुद्धा ती अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होती आणि तिला ती लागत नव्हती. सिस्टर आत गेल्या, सलाईन पाहिली आणि मुलीच्या खांद्याला हात लावून काहीतरी म्हणाल्या.

मुलगी कुशीवर वळली. तिने काचेकडे पाहिलं. तिच्या बाजूने ते सरळ होतं. तिने ते वाचलं, मग आमच्याकडे पाहिलं, मग बाकावरून उठून उभ्या राहिलेल्या आईकडे.

मग सलाईन लावलेला हात तिने पलंगावरून हळूहळू वर केला.